‘केलं कुनी?’वाले जालूकाका

मलकापुरातल्या एका लग्नात जालूकाकांनी बासुंदीची वाटी नाकाजवळ नेली आणि वाढप्याला विचारलं, “केली कुनी?”

“केटररनं.”

“त्ये कळलं. पर हातानं केली कुनी?”

शेवटी आचारी हात पुसत बाहेर आला, नाव-गाव सांगितलं, दूध कुठलं तेही सांगितलं, तेव्हा कुठे काकांनी वाटी तोंडाला लावली. मग मात्र वाटीवर वाटी हाणली. तोवर पंगत खोळंबली होती आणि त्यांच्याबरोबर आलेला मी मान खाली घालून पापड मोडत बसलो होतो.

जालिंदर पवार सैन्यात सिग्नलला हवालदार होते. पेन्शनवर आल्यावर माणसं शेती बघतात, भावकीत भांडतात. काकांनी एका मोफत सॉफ्टवेअरची राखण पत्करली. पडद्यावरचं मराठी ते मोठ्यानं वाचून दाखवतं. डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या फार उपयोगाचं. ठिकठिकाणची हौशी मंडळी मिळून ते बनवतात आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. ही मंडळी तयार प्रत देतात ती फक्त नव्या संगणकांसाठी. जुन्या संगणकासाठी किंवा फोनसाठी तिसरंच कुणीतरी तोच कोड घेऊन प्रत तयार करतं. तिला म्हणतात बिल्ड. अशा बाहेरच्या बिल्डना आपल्या साइटवर जागा द्यायची की नाही, ते काका ठरवतात. मी शाळेत मराठी शिकवतो आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे साइटवरचं मराठी तपासणं माझ्या गळ्यात पडलं.

“पीठ आपलं, मास्तर,” काकांनी मला समजावलं, “पर भाकरी त्येंची. आत काय मिसळलंय कुनाला ठावं? आन नाव आपलं खराब हुतंय.”

म्हणून साइटवरच्या बाहेरच्या बिल्डच्या पानावर वरच लाल अक्षरांत लिहिलंय, ‘या प्रती आम्ही बनवलेल्या नाहीत.’ मी म्हटलं, फार तुसडं वाटतंय, ‘कृपया नोंद घ्यावी’ तरी घालू. काका म्हणाले, “पहाऱ्यावरचा जवान किरपया म्हनतो व्हय?”

बिल्ड आलं की काका ते एका जुनाट संगणकावर चढवतात, डोळे मिटून ऐकतात आणि बनवणाऱ्याला फोन लावतात. केलं कुनी? कोडात काय बदललं? बदललेलं उघडं ठेवलंय का? इस्लामपूरच्या एका दुकानदाराचं बिल्ड छान वाचायचं, पण बातमी संपली की मध्येच ‘मोबाईल दुरुस्तीसाठी अवश्य भेटा’ म्हणायचं. काकांनी ते शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं. “भाकरीत खडा हाय, गड्या,” म्हणाले आणि फोन ठेवला.

जुन्या संगणकांसाठी चांगलं बिल्ड एकच होतं, औंधच्या एका गृहस्थांचं. मूळ सॉफ्टवेअरमध्ये एक धोक्याची चूक सापडली, दुरुस्त आवृत्ती निघाली, पण औंधहून नवं बिल्ड येईना. फोन लागेना. काकांनी मेल केले, एकापेक्षा एक कडक. शेवटच्या मेलमध्ये तर ‘बेजबाबदार’ असा शब्द होता. त्याचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.

मग ‘हे बिल्ड काढणार’ अशी सूचना त्यांनी साइटवर टाकली. तेवढ्यात जतहून एका बाईंचा फोन आला. त्या स्वतः अंध, गावातल्या दोन अंध मुलींना शिकवतात. “काका, आमच्याकडं जुनाच संगणक हाय. ते काढलंसा तर आमी मुकं व्हतो.” काका पेचात पडले. धोक्याचं बिल्ड ठेवता येईना आणि काढवेना. दुसऱ्या दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून ते औंधला निघाले.

विचारत विचारत घर सापडलं. एक बाई बाहेर आल्या. “आवं, त्येंला जाऊन वरीस व्हईल आता,” त्या म्हणाल्या. “तुमी कोन?”

साऱ्या जगाला नाव-गाव विचारणाऱ्या काकांना स्वतःचं नाव सांगता येईना. “आमी... संगं काम करत हुतो,” एवढंच कसंबसं म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर कडेला घेतली. “मेलेल्या मानसाला दम देत हुतो, मास्तर. त्ये गेल्याचं कळवायला कुनी न्हवतं.” मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी नियमात एक ओळ वाढवली : बिल्ड बनवणाऱ्यानं स्वतःच्या जवळच्या एका माणसाचं नाव द्यावं. मग ते स्वतःच बिल्ड बनवायला शिकले. कैक आठवडे चुकले, चिडले, पुन्हा बसले. एकदाचं जमलं. पण आपलं बिल्ड आपणच मंजूर करायचं नाही, हाही त्यांचाच नियम. तेव्हा मंजुरीची खुर्ची माझ्याकडे आली आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले.

मी ही संधी सोडतो होय? “केलं कुणी?”

“म्या. जालिंदर पवार, मलकापूर.”

सगळी उत्तरं खणखणीत आली. मग मी अर्जातली नवी ओळ वाचली, “तुमच्या जवळच्या माणसाचं नाव?”

 काकी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी वाचून गेलो.

“ती जागा मोकळी ठिवली तर चालंल का?” काकांनी विचारलं. आजवर त्यांनी कुणालाच अशी सूट दिली नव्हती.

“नाही चालणार,” मी म्हणालो आणि तिथे माझं नाव टाइप केलं. पुढे नात्याचा रकाना होता. त्यात ‘शेजारी’ लिहिलं.

काका वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “मास्तर, पुतन्या लिवलं तर... तुमची काय हरकत?”

 मी ‘शेजारी’ खोडलं, ‘पुतण्या’ लिहिलं आणि बिल्ड मंजूर केलं.