सहातोंडी विटांची आणि साबणाच्या वडीची हकीकत

श्री वक्रतुंडास नमन. वाकड्याचें सरळ करणें हें त्याच्याच पायांशीं. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं आमच्या कंपनीच्या राज्यांत जें वर्तमान जाहलें तें घडलें तैसें लिहितों.

राज्याचा धंदा ऐसा कीं, कारखानदारांनीं लोखंडी सामानाचीं चित्रें धाडावीं, आणि राज्यानें संगणकांत त्या आकाराच्या पोटीं सहातोंडी, म्हणजे सहा बाजूंच्या, विटा रचाव्या, आणि मग विटेविटेवर भार किती येतो याचें गणित व्हावें, आणि कोठें तुटेल तें लोखंड ओतण्याआधींच कळावें. सरळ ठोकळ्यांत विटा कोणीही रचील. जेथें तीन गोल दांडे एकांत एक शिरतात तेथें विटा पिळवटून उलट्या होतात, आणि उलट्या विटेचें गणित चालत नाहीं. याकरितां आमच्या कुटुंबाची, म्हणजे आमच्या पत्नीची, एक रीत होती. बाई आम्हांबरोबर याच राज्यांत बावीस वर्षें चाकरीस होत्या. त्या प्रथम धुण्याच्या साबणाच्या वडीचा तो आकार कोरीत, आणि मग दोऱ्यानें त्याचे तुकडे पाडीत, आणि प्रत्येक तुकडा सहा तोंडांचा निघाला म्हणजेच संगणकास हात लावीत. काम जाहलें कीं त्याच साबणानें घरीं धुणें धूत. आम्ही एकदां म्हटलें, "हा तरी ठेव गं, सुरेख उतरलाय." तेव्हां बोलल्या, "अहो, साबण आहे तो. देव्हाऱ्यांत बसवतां काय? द्या तो सदरा इकडे."

पुढें एका गांवच्या झुलत्या पुलाचा लोखंडी सांधा कामास आला, तीन दांड्यांचा, आणि तें काम हातीं असतां श्रावणांत त्या निवर्तल्या. वडी चिरलेली, पण तुकडे न सुटलेले, ऐसी मेजाच्या खणांत राहिली. तिजवर त्यांच्या आंगठ्याचा ठसा होता. आम्हीं ती फडक्यांत बांधून ठेविली.

मग दाजीराव सरदारांनीं नवें सॉफ्टवेअर आणिलें आणि धन्यांस म्हणाले, "आकार आंत टाकावा, चहा घेऊन यावें, विटा तयार." आणि खरेंच चहा होतो न होतो तों त्या पुलाच्या सांध्याच्या विटा रचल्या, एकही उलटी नाहीं, आणि दरबारांत पेढे वाटले. आम्हीं निरखून पाहिलें तों सांध्यांतलें खिळ्याचें भोंक दिसेना. विचारिलें, "दाजीराव, भोंक कोठें गेलें?" म्हणाले, "बुजविलें. हत्यारास तें मानवत नव्हतें." "आणि दांडे जुळतात तेथली गोलाई?" "तीही काढली. तिथेंच अडत होतें." धनी शांतपणें म्हणाले, "म्हणजे विटा उत्तम, सांधा भलत्याचाच. त्या पुलावरून माणसें जाणार आहेत, दाजीराव." काम धाडावयास चार दिवस उरले होते.

सायंकाळीं दाजीराव आम्हांपाशीं आले आणि हळू म्हणाले, "काका, काकूंची वडी आहे ना?" आम्ही म्हटलें, "वाळली आहे. सोडवली तर मोडेल." ते निघून गेले. दोन दिवस वडी पुढ्यांत घेऊन बसलों. वरून चिरा दिसत, आंतलें कांहीं कळेना. तिसरे दिवशीं दोरा ओला केला आणि त्यांच्याच चिरांतून ओढला. ठसा मोडला. आंत पाहतों तों साधेंच होतें. प्रत्येक गोल दांड्याच्या गाभ्यांत एक चौकोनी दांडा, त्याभोंवतीं चार तुकडे, आणि तिन्ही चौकोनी दांडे सांध्यांत एकमेकांस भेटविलेले. भोंकही सुईनें पाडलेलें. एक घाव मधला राहिला होता, तो आम्हीं घातला.

मग दाजीरावांनीं त्याच चिरा नव्या हत्यारास दाखविल्या, आणि हत्यारानें भोंकासकट, गोलाईसकट विटा रचल्या, आणि एकही उलटी निघाली नाहीं. गणितांत भोंकाजवळचें लोखंड तोकडें पडलें. कारखान्यानें तें जाड केलें आणि मग सांधा ओतला. धन्यांनीं हुकूम केला कीं, हत्यार उघडण्याआधीं प्रत्येकानें एक वडी कोरावी. दाजीराव म्हणाले, "बरें जाहलें. दरबाराचे सदरे तरी उजळतील."

सारांश, पूल उभा आहे, लोक येतात जातात. हत्यार चांगलें आहे, दाजीरावही चांगले आहेत. काम संपल्यावर बाईंच्या वडीचे तुकडे आम्हीं घरीं आणिले आणि रविवारीं त्याच तुकड्यांनीं आपला सदरा धुतला. साबण वाळला होता, तरी फेस चांगला आला.