कडुबाचा टँकर आणि दोन खऱ्या याद्या

श्रीरंगची अकरा वर्षांची मेहनत एसव्हीएन नावाच्या जुन्या नोंदप्रणालीत साठली होती. दुष्काळी गावांना टँकर पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणी, कधी, काय बदललं, याची सगळी नोंद तिथे असे. नव्याने आलेल्या हिमानीला मात्र हीच नोंद गिट या नव्या प्रणालीत हवी होती. सिडकोतल्या त्या चार खुर्च्यांच्या कंपनीत महिनाभर धुसफूस चालली. शेवटी मालक तात्यासाहेबांनी निवाडा दिला.

"दोन्ही ठेवा. श्रीरंग, मेळ घालायचं काम तुमच्याकडं. पण एकदा जरी घोळ झाला, तर तुमचं एसव्हीएन बंद."

टँकर आधी कोणत्या गावाला जाणार याची यादी आता दोन्हीकडे होती, आणि तीच टँकरवाल्याच्या फोनवर दिसे. श्रीरंगने दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. दर दहा मिनिटांनी एक एसव्हीएनमधली यादी गिटमध्ये नेई, दुसरा गिटमधली एसव्हीएनमध्ये आणी. सोमवारी सकाळी त्याने आपल्या यादीत पिशोर आधी घातलं, हिमानीने तिच्या यादीत खुलताबाद, आणि दोघं चहाला गेले. दोन्ही प्रोग्रॅम एकदमच निघाले आणि याद्यांची अदलाबदल करून आले. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. बिचारे अगदी इमानेइतबारे राबत होते.

अकरा वाजता टँकरवाल्या कडुबाचा फोन आला. "साहेब, वेरूळजवळ हाय. फोन म्हनतो पिशोर. निघालो की म्हनतो खुलताबाद. चार डाव टँकर वळवला. ढाब्यावाला इचारायलाय, जेवनार का मुक्काम करनार?"

"कडुबा, जरा थांबा."

"थांबलो तरी बदलायलंय."

तेवढ्यात पिशोरच्या सरपंच गीताबाईंचा फोन. "दीडशे हंडे रांगेत हायेत, साहेब. लोक मला धरायलेत."

श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊ दे, हिमानीचंच खरं, निदान दोन्ही याद्या एक होतील, म्हणून त्याने घाईघाईने आपल्या यादीत खुलताबाद आधी केलं.

"सर, तुमच्यासाठी मी पिशोर आधी केलंय," पलीकडून हिमानी म्हणाली.

अदलाबदल पुन्हा सुरू झाली. कडुबा फोन उचलेना.

संध्याकाळी तो स्वतःच ऑफिसात आला आणि खिशातली चुरगळलेली वही तात्यासाहेबांपुढे ठेवली. "फोन सीटखाली टाकला. पिशोर पयलं दिसलं व्हतं, ते लिवून घेतलं. ते केलं, परत भरून खुलताबाद केलं. टँकर रिकामा झाल्याबिगर यादी बदलायची नाय, आपला कायदा."

तात्यासाहेबांनी वही चाळली. श्रीरंगने विचारलं,

"म्हणजे माझं एसव्हीएन..."

"राहू द्या. घोळ दोघांनी मिळून केलाय, एकट्याचंच कसं बंद करू? उद्यापासून दोन्हींचा मेळ या वहीशी घाला."

कडुबाने वही उचलून खिशात घातली. "वही गाडीतच ऱ्हाती, साहेब."

मंगळवारी सकाळी टँकर निघाला तेव्हा कडुबाच्या शेजारी श्रीरंग लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याने हळूच तो उघडला.

"अजून नाय," कडुबा म्हणाला. "रिकामा झाल्यावर."