सुभेदारांचं ओळखपत्र

"मेकअपच्या रांगेत उभा राहील तो सदानंद नव्हे! मी घरूनच सुभेदार होऊन निघणार!" चार दिवस हेच ऐकून बायकोचे, नीताचे कान किटले होते. पण त्याचंही खरं होतं हो! आखातातल्या मराठी मंडळात तीन वर्षं नुसते स्पीकर उचलल्यावर यंदा एकदाची भूमिका मिळाली, तीही राजाने प्रांतावर नेमलेल्या सुभेदाराची! दिग्दर्शिका संजीवनीताईंनी मात्र बजावलं होतं, "सहाला पडदा. उशीर झाला, तर खुर्च्या मांडणारा हरिदास सुभेदार!"

पाच वाजता स्वारी बायको-मुलीसह अबू हमूरच्या घरून गाडीने निघाली. अंगरखा, पगडी, लाकडी तलवार, झुपकेदार मिशी. घामाने सुटू नये म्हणून इंजिनिअर सदानंदने मिशी चपला चिकटवायच्या गोंदाने बसवली होती!

वाटेत पोलिसाने गाडी थांबवली. ओळखपत्रावरचा चेहरा गुळगुळीत!

"मिशी काढा," तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

सदानंदने ओढली. डोळ्यांत पाणी आलं, मिशी जागची हलेना.

"कोण आहात तुम्ही?"

घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलंच आठवतं! सदानंदने आपलं वाक्य हिंदीत ठोकून दिलं, "मी महाराजांचा सुभेदार! या प्रांतात माझा हुकूम चालतो!"

नीताने कपाळावर हात मारला. "अहो, कुठल्या देशात काय बोलताय!"

पोलिसाचा चेहरा गंभीर झाला. "कुठले महाराज? कुठला प्रांत?" तलवारीवरची नजर न काढता त्याने साहेबाला फोन लावला.

साडेपाच! सदानंदने घड्याळ पाहिलं. नोकरी जाणार, व्हिसा जाणार आणि वर तो हरिदास सुभेदार होणार!

"बाबा, प्लीज स्टॉप टॉकिंग!" मागून लेक नुपूर ओरडली.

शेवटी नीताने मोबाईलवर नाटकाची जाहिरात दाखवली. पोलिसाने त्यातला सदानंदचा याच मिशीतला फोटो पाहिला, तलवार टिचकीने वाजवली आणि पोट धरून हसला. "यल्ला, चला, माझ्या मागे या!"

सहाला दोन मिनिटं कमी असताना सुभेदार धापा टाकत हॉलमध्ये घुसले. मागोमाग पोलीसही. हॉलमध्ये चिटपाखरू नाही! एकटा हरिदास खुर्च्या मांडत होता.

"अरे, सहाचा पडदा?"

"साहेब, ताई समद्यास्नी सहा सांगत्यात, तवा कुठं आठला जमत्यात. आलायसा तर चार खुर्च्या मांडू लागा."

पोलिसाने रिकाम्या हॉलभर नजर फिरवली. "आणि तुमचे महाराज?"

"महाराज व्हय?" हरिदास म्हणाला. "त्यांची सातपर्यंत ड्युटी हाय."