शिळफाट्याच्या मैदानावर पंच ललिताबाईंनी वाहिनीस दिलेल्या ताकिदीची हकीकत

श्री. कबड्डीच्या मैदानावर जी मोहीम जाहली तिची खबर पुढील पिढ्यांस असावी म्हणून हे लिहिले. जे दोघांनी सारखे सांगितले ते घेतले, जे एकट्याने सांगितले ते सोडले, आणि जे टीव्हीवर दिसले ते पुन्हा लावून पाहिले. अतिशयोक्तीची हौस असणाऱ्याने दुसऱ्या दारी जावे.

ते समयी कर्जत आणि खालापूर या दोन्ही मुलखांवर 'घाटपायथा' नामे केबल वाहिनीचा अंमल होता. वाहिनीचे तख्त खोपोलीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर, आणि वाहिनीचे सरलष्कर म्हणजे समालोचक हिरामण, राहणार रसायनी. यांचा दरारा असा की ज्याचे नाव यांनी माइकवर घेतले तो गावात छाती काढून फिरे, आणि ज्यास यांनी टोपणनाव दिले त्यास सख्खी आईही पुढे त्याच नावाने हाक मारी. मग खोपोलीच्या शिळफाट्यास स्पर्धेचे निशाण लागले, मंडळाचे अध्यक्ष प्रवीणशेठ यांनी मैदानाचा बंदोबस्त केला, आणि मुख्य पंच म्हणून मौजे पोशीर येथील ललिताबाई यांची, हाताखाली रोहिदास आणि रिया या दोन पंचांसह, नेमणूक जाहली.

बाईंची हाडे जन्मतःच कमी वाढणारी, त्यामुळे उंची शाळकरी पोरीएवढी. हे एकदा लिहिले. पुन्हा लिहिणार नाही, कारण कबड्डीच्या निकालास त्याचा काही उपयोग नाही.

हिरामण सरलष्करांस मात्र उपयोग दिसला. पहिल्या दिवशी बाई मैदानात येताच त्यांनी दोन्ही मुलखांस जाहीर केले की अर्धं तिकीट आलं हो, आणि पुढे विचारले की सर्कस कुठे उतरली आहे. समालोचन टीव्हीवर जाई, मैदानात ऐकू येत नसे, म्हणून बाईंनी आपले काम चोख करून घर गाठले. तेथे त्यांची मावशी गोदूबाई टीव्ही बंद करून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ललिते, आख्खी आळी बोलावून आणली गं मी तुला बघायला. चहा केला सगळ्यांना. आन् तो मेला असं बोलला, नि माझ्याच घरात माझाच चहा पिऊन हसले गं सगळे." बाईंनी चहाची भांडी पडली होती ती घासली.

दुसरे दिवशी तिसऱ्या प्रहरी रसायनीची फौज खालापूरकरांवर चालून आली. रसायनीचा नामांकित चढाईपटू अक्षय हा चढाईस गेला, आणि परत फिरताना त्याचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला, आणि बाईंनी शिट्टी फुंकून त्यास बाद दिले. तेव्हा तो कमरेवर हात ठेवून वदला, "ए अर्धं तिकीट, तिथून काय दिसतं रं तुला?" चूक लक्षात येऊन 'रं' चे 'गं' केले, बाकी तसेच ठेविले. त्याची फौज हसली, मग खालापूरची हसली, मग प्रेक्षकही हसले, आणि रसायनीच्या प्रशिक्षकांनी मंडळाकडे अर्ज गुदरला की निकाल एखाद्या नीट माणसाकडून पुन्हा घ्यावा. येथे खरा धोका उभा राहिला. पंचाजवळ ना फौज ना तोफ, एक शिट्टी असते, आणि ज्या शिट्टीवर मैदान हसते तिच्याने पुढे कोणी बाद होत नाही.

बाईंनी अक्षय यास हिरवे कार्ड दाखविले. हिरवे म्हणजे ताकीद, हा दस्तूर. त्याने ते पाहून विचारले की टीव्हीवर कालपासून बोलतात तेव्हा हे कार्ड कुठे असते.

प्रश्न रास्त होता. बाईंनी खेळ थांबविला, आणि मैदान ओलांडून त्या समालोचकांच्या मचाणाखाली गेल्या, आणि तेच हिरवे कार्ड वर उचलून खासे हिरामण यांस दाखविले. कॅमेरा धरणारा पोपट यास कार्ड निघाले की कार्डामागे जाण्याची सवय लाविली होती. तो सवयीप्रमाणे गेला, आणि पुढील संभाषण सर्व मुलखाने घरबसल्या ऐकले.

हिरामण हसून म्हणाले, "बाय, मी काय चढाईला आलोय काय?"

"तू नाय आलास. तुजं तोंड आलंय मैदानात," बाई म्हणाल्या. "त्या रोहिदासला काय बोलतोस माइकवर?"

"पंच रोहिदास."

"मग मला पण तेच बोल. तवर शिट्टी नाय."

असे म्हणून त्या मध्यरेषेवर येऊन बसल्या. मग पंच रोहिदास शेजारी बसले, आणि पंच रिया यांनीही शिट्टी गळ्यातून काढून मांडीवर ठेविली. पंचांवाचून सामना नाही, त्यामुळे मोहीम तेथेच गोठली, आणि वाहिनीस दाखविण्याजोगे काही उरले नाही. तिने जाहिराती सोडल्या. गादीवाल्याची जाहिरात लागली, मग क्लासची, मग पुन्हा गादीवाल्याची, इतकी की मुलखात ती गादी घेण्याची इच्छा ज्यांस होती त्यांचीही मेली. गादीवाल्याने स्वतः फोन करून विनंती केली की आता पुरे.

प्रवीणशेठ यांनी मसलत करून आपले वकील मध्यरेषेवर रवाना केले, आणि बाईंस शाल, श्रीफळ आणि मंचावर खुर्ची देऊ केली. बाईंनी कळविले की खुर्ची पाय दुखणाऱ्यास द्यावी. वकील परतले. मग सरलष्करांस माफी मागण्याचा हुकूम सुटला. त्यांनी माइक मैदानातील भोंग्यास जोडविला, मागे करुण बासरी लावविली, आणि भरल्या गळ्याने आरंभिले की देवाने ज्या माउलीला उंची देताना हात आखडला, तिलाच डोंगराएवढी हिंमत...

बाईंनी बसल्या जागेवरून पिवळे कार्ड उचलले.

पिवळे म्हणजे काही काळ मैदानाबाहेर. माफी मागता मागता बाहेर गेलेला इसम या मुलखात पूर्वी झाल्याचे आढळले नाही. हिरामण यांनी हरकत घेतली, परंतु गादीवाल्याचा फोन पुन्हा येत होता, तेव्हा प्रवीणशेठ यांनी त्यांस मचाणावरून उतरविले, आणि ते बाद खेळाडूंच्या बाकावर अक्षयशेजारी जाऊन बसले. तेथून त्यांनी विचारले, "आता काय बोलू गं बाय? वाईट बोललो तरी कार्ड, चांगलं बोललो तरी कार्ड."

"चांगलं नको, वाईट नको," बाई म्हणाल्या. "पंचाला बोलतात तसं बोल. एवढंच हाय."

मुदत संपली, सरलष्कर मचाणावर चढले, आणि बासरी बंद करवून म्हणाले, "पंच ललिता यांना मी जे बोललो ते चुकीचं होतं. परत बोलणार नाय. सामना पुढे." बाई उठल्या, आणि शिट्टी जाहली.

येथे लेखणी थांबती तर वाचक समाधान पावता. परंतु तह जाहला म्हणजे तो पाळला गेला असे नव्हे, सबब पुढील मजकूर घेणे भाग आहे.

सामना अखेरच्या चढाईपर्यंत बरोबरीत आला. अक्षय गेला, एकास स्पर्श करून झेपावत परत फिरला, आणि पुन्हा त्याच बाजूस त्याचा पाय रेषेवर की बाहेर असा पडला. बाईंनी बाद दिले. खालापूर जिंकले, रसायनीचा गोट उसळला, आणि मचाणावरून, समालोचकाने तटस्थ राहावे हे विसरून, हिरामण दोन्ही मुलखांस ओरडून सांगू लागले की पंच ललिता यांचा निर्णय साफ चुकला आहे, पंच ललिता यांनी सामना घालवला आहे, असले पंच बोलावू नयेत. अक्षय तावातावाने बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"पंच, पाय आत होता."

"बाहेर होता."

"आत होता, पंच. डोळं तपासा."

"तुझा पाय तपास. जा, हात मिळव जा."

तो पाय आपटीत गेला, आणि त्याने हात मिळविला.

येणेप्रमाणे निकालास हरकत घेण्यात आली, हरकत फेटाळण्यात आली, पंचांस दोन्ही तालुक्यांच्या साक्षीने यथेच्छ शिव्या पडल्या, आणि त्यांत पंच रोहिदास यांस पडतात त्यांहून वेगळी एकही आढळली नाही. सबब पंच ललिताबाईंची फत्ते जाहली असे नोंदविले.