हळदीच्या पानाआडचा चंद्र

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पंगतीला मणगण्याची खीर वाढायला सुरुवात झाली आणि आमचे शेजारी सगुणबाब भरल्या पानावरून उठले. वरपक्ष कोल्हापूरचा. त्यांना वाटले, मानपानात काही चुकले. नवऱ्यामुलाचे काका हात जोडत मागे धावले, तर सगुणबाबांनी चपला घालता घालता शांतपणे सांगितले, "तुमचें कांय चुकूंक ना. चंद्राकडे वळपाची वेळ जाली."

ते काका अजून मला भेटले की आधी सगुणबाबांचीच चौकशी करतात.

गोव्यात नार्व्याच्या नदीकाठी राहणारे सगुणबाब जन्माचे तांडेल. डिचोलीच्या खाणींचे खनिज बार्जमध्ये भरून बंदरात पोचवण्यात त्यांची हयात गेली. खाणी बंद पडल्या, बार्ज आधी काठाला लागली आणि मग भंगारात गेली. घरी बसून हा माणूस नुसता पंख्याचे बटण चालू-बंद करायचा. म्हणून बंगळूरच्या मुलीने आपला जुना संगणक पाठवला, आणि त्यात अंतराळयानाचा तो खेळ निघाला. खेळ कसला, परीक्षाच. यान आपण बांधायचे, इंधनाचा हिशेब आपण करायचा, आत माणसे बसवायची, त्यांना पुरेल एवढी हवा द्यायची. एवढे करून चुकीच्या वेळी जरा जोर लागला, की यान जे जाते ते जातेच.

सगुणबाबांची सुरुवातीची सगळी याने समुद्रात पडली. त्याचे त्यांना काही नाही. "नवी बार्ज पयलीं पाण्यांत न्हाता," म्हणायचे.

या खेळात वेळ पळवायचे एक बटण असते. चंद्रापर्यंतचे दिवस त्याने चुटकीसरशी संपतात. झाडून सगळे ते दाबतात. सगुणबाब दाबत नाहीत. "भरती बटण दामून येता?" खऱ्या चंद्राला लागतात तेवढेच दिवस त्यांच्याही चंद्राला लागतात. यान एकदा निघाले की मधल्या काळात ते झोप काढतात, पोदेराकडून पाव घेतात, देवळात जाऊन येतात, आणि वळणाची वेळ झाली की जिथे असतील तिथून उठतात. खेळ थांबवायचे बटणही वर्ज्य. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला, पण त्यावर ना पंखा ना दिवा, फक्त यान. पदराने वारा घेत त्यांच्या पत्नी सुलोचनावैनी म्हणतात, "माका पुणी त्या यानांत बसय. थंय वारो तरी आसतलो."

यानातल्या माणसांना सगुणबाबांनी नावे दिली होती: बाबलो, तुकाराम, पर्शा. त्यांच्याशी ते बोलायचे. "बाबल्या, न्हिदलो रे?" किंवा, "पर्शा, तंबाखू थुकूं नाका. थंय दर्या ना." मी बँकेतून येताना हे जनेलातून ऐकायचो आणि घरी येऊन सांगायचो. आमच्याकडे संध्याकाळची तेवढीच करमणूक.

गेल्या गणेशचवथीच्या तोंडावर मात्र पर्शा अडकला. परतीला निघायच्या आत इंधन संपले आणि बिचारा चंद्राभोवती फिरत राहिला. हवा चवथीच्या संध्याकाळपर्यंतचीच. सगुणबाबांनी त्याला आणायला दुसरे यान सोडले, ते पोचणार नेमके चवथीच्या दुपारी. आणि चवथीला चंद्र बघायचा नसतो. बघितला की खोटा आळ आलाच.

आरती आटोपून मी प्रसाद घेऊन गेलो, तर नवराबायको संगणकाकडे पाठ करून उभी.

"आजचा दिवस खेळ थांबवा," मी म्हटले.

"पाणी थांबता?" सगुणबाब म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "तो थंय एकटो आसा रे."

वैनी तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटले, चिडल्या. त्या परत आल्या त्या पातोळ्यांसाठी धुऊन ठेवलेली हळदीची पाने घेऊन. डोळे मिटून, चाचपडत त्यांनी एक ओले पान पडद्यावर चिकटवले.

"पळय रे, कडा दिसता?"

"मी कसा बघू?" मी म्हटले. बँकेतल्या माणसाला आळ परवडत नाही.

शेवटी दोन पाने लागली. चंद्र झाकला, कडेचे आकडे तेवढे उरले. सगुणबाब बसले. भरलेली बार्ज म्हणाल तिथे थांबत नाही, धक्का लांब असतानाच इंजिन उलटे फिरवावे लागते. धुक्यात, काही दिसत नसताना, ते हेच करत आले होते. मी अंतर वाचत होतो. चंद्र सरकला असेल या अंदाजाने वैनी पान सरकवत होत्या, तेही डोळे मिटून. सगुणबाबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. "सवकास, पर्शा. हांव येतां."

याने एकमेकांना टेकली. पर्शा नव्या यानात आला.

मी टाळी वाजवणार, तर सगुणबाब रडत होते. उघडउघड, नाक ओढत.

"हो पर्शा आमच्या बार्जीवयलो," वैनी हळूच म्हणाल्या. "बेळगांवचो. बाबलो, तुकारामय थंयचेच. सुट्टी मेळनासली म्हणून दर चवथीक हांगाच जेवताले. बार्ज बंद जाली तेन्ना हांणी तांकां सांगलें, सुरू जाली की परत आपयतां. ती गेली भंगारांत. आतां फोन करूंक हांकां तोंड ना."

 

वैनींनी थांबून पाहिले नाही. आपल्या फोनवर नंबर लावला आणि तो नवऱ्याच्या हातात कोंबला. सगुणबाब उठून उभे राहिले.

"पर्शा, हांव तांडेल," ते म्हणाले. "बार्ज आतां ना रे. मोडून विकली."

पलीकडे कुठेतरी टाळ वाजत होते. त्यातून पर्शाचा मोठा आवाज आम्हालाही ऐकू आला. "ते कवाच कळलंय की, तांडेल. तुमी फोन का केला न्हाई, त्ये सांगा आदी."

सगुणबाबांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसले.  मग त्यांनी विचारले, "जेवलो रे तूं?"

"न्हाई अजून. उद्या येऊ काय तिकडं?"

सगुणबाबांनी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. फोनात मान दिसत नाही, म्हणून वैनींनीच पुढे होऊन सांगितले, "यो."