जुळून नाई राह्यलं

रविवारी सकाळी रंजीताने लॅपटॉपला अपडेट दिलं आणि दुपारी सावली गावातल्या तिच्या वडिलांच्या, मुखरूभाऊंच्या घरात सगळे पडद्यावर उलटे दिसू लागले. सिरोंच्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा रोशन दोन वाजता व्हिडिओ कॉलवर लग्नाबद्दल शेवटचं सांगणार होता. चित्र स्वच्छ दिसावं, एवढीच तिची इच्छा. फोनवर दोनदा बोलणं झालं होतं आणि तिला तो मनापासून आवडला होता.

“अजी, पोरगी उलटी दिसून राह्यली!” तिच्या आई गुणाबाई ओरडल्या.

“मंग लॅपटॉप उलटा करा,” मुखरूभाऊ म्हणाले.

दुसरा मार्गही नव्हता. मोबाइल धानाच्या बांधीतल्या पाण्यात पडल्यापासून त्याचा कॅमेरा गेलेला. तो आता फक्त लॅपटॉपला नेट पुरवायचा. शेवटी लॅपटॉप डोक्यावर उभा करून तांदळाच्या पोत्याला टेकवला. तिकडे रोशनला रंजीता सरळ दिसली, पण इकडे पडद्यावर आलेला रोशन उलटा. हा सगळा खटाटोप ओळखून तो हसला. उलट्या तोंडावरचं हसू यांना रुसल्यासारखं दिसलं. त्यातच आवाज तुटू लागला.

“काकाजी... नवीन... जुनं... जुळून नाई राह्यलं.”

तिघांनाही तो लग्नाला नकारच वाटला. रंजीताने रागाने मोबाइलच बंद केला. नेट गेलं, रोशनही गेला.

गुणाबाईंनी तडक शेजारच्या इंदुताईंना गाठलं. “उलट्या खोपडीचा हाये पोरगा! बरं झालं, आधीच कळलं.” संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. रंजीता जेवली नाही आणि मोबाइलही तिने सुरू केला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चुरगळलेल्या शर्टातला रोशन दारात उभा.

“जुळत नाई म्हणलं न तुमी? मंग आले काऊन?” मुखरूभाऊंनी उंबऱ्यावरच अडवलं.

“जुळवायलेच आलो, काकाजी. कालपासून फोन लावून राह्यलो, बंद! लॅपटॉपचं विंडोज नवीन झालं, कॅमेरा चालवणारं आतलं फर्मवेअर जुनंच. दोघायचं जुळून नाई राह्यलं, म्हणून कॅमेरा उलटा. तेच त सांगत होतो.”

मुखरूभाऊ बाजूला झाले. “अन् ते दुसरं?”

“त्याचं त कधीचंच जुळलं,” रोशन खाली बघत म्हणाला.

रंजीता आतून पाण्याऐवजी चार्जरच घेऊन आली. रोशनने नवीन फर्मवेअरचा पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर पट्टी हळूहळू सरकू लागली.

“आता मधात बंद करू नोको, कालच्यावानी,” तो तिला म्हणाला. “अन् एकदा हे टाकलं का मांगं जाता येत नाई बरं.”

“मले जायचंच नाई मांगं,” ती बोलून गेली आणि मग लाजली.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. रोशनने कॅमेरा लावून पाहिला. तेवढ्यात गुणाबाई इंदुताईंना घेऊन आत आल्या आणि पडद्यापाशी वाकल्या. पडद्यावर रंजीता आणि रोशन शेजारीशेजारी, डोकी वर.

“पाह्य व इंदुताई,” गुणाबाई म्हणाल्या, “मी म्हणत नव्हती? पोरगा एकदम सरळ हाये!”