बबनतात्यांच्या जीपमधला टेप

बबनतात्या स्वतःच्याच जीपमध्ये बसण्याआधी खाली वाकून विचारायचे, "कोन हाय का?" मग उत्तराची वाट बघायचे. दोन्ही बाजूंनी विचारून झालं की काठीनं मागची ताडपत्री उचलून तिथंही विचारायचे.

मी एकदा म्हटलं, "तात्या, बिबट्या असला तर तो 'हाय' म्हणणार आहे का?"

"काय सांगता येतंय, गुरुजी," तात्या म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं.

मी तेव्हा खोडदच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवायचो आणि तात्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. उसात बिबटे राहायला आले होते. गोठ्यातली वासरं, दारातली कुत्री जायला लागली, तशी माणसं दिवस मावळायच्या आत घरात शिरू लागली. भीती सगळ्यांनाच होती. पण तात्यांना ती आधीपासूनच होती, बिबट्या नुसता त्यात येऊन मिळाला. गॅसच्या शेगडीला ते भ्यायचे, विहिरीवरच्या मोटारीला भ्यायचे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या छत्र्या आभाळातलं ऐकतात, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून घरातलं काही खासगी बोलायचं तर आधी खिडकी लावून घ्यायचे.

असा माणूस एक दिवस काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. आळे गावातल्या भाच्यानं नवी कार घेतली होती आणि तिच्यातला कंपनीचा टेप काढून आणखी भारी बसवला होता. तो काढलेला टेप मामाला मिळाला. तात्यांना तो आपल्या जुन्या जीपमध्ये, आधीच्या टेपाच्या जागी बसवायचा होता.

"कशाला?" मी विचारलं.

"बिबट्याला. आवाज असला का जवळ येत नाय."

नारायणगावात रफिकभाई गाड्यांचं वायरिंग करायचे. त्यांनी आधी टेपकडं पाहिलं, मग जीपकडं. "तात्या, ह्याची उंची बघा आणि तुमची खाच बघा. पत्रा कापावा लागंल."

पत्रा कापताना तात्या रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. ठिणगी उडाली की तोंड फिरवायचे. खाच मोठी झाली, तर मागचा प्लग जुळेना. टेपाच्या पाठीतून रंगीत वायरींचा झुपका निघाला आणि जीपमधून निघाल्या फक्त दोन वायरी, त्याही काळ्या पडलेल्या. रफिकभाईंनी प्लग कापला, एकेक वायर तपासून जोडली आणि म्हणाले, "ही वायर कायम बॅटरीवर. ही दुसरी चावीवर. चावी काढली का टेप बंद."

"बंद नको. गाडी उभी असली तरी वाजला पायजे."

"बॅटरी उतरंल, तात्या."

"उतरू द्या."

मला आश्चर्य वाटलं. इतक्या बेफिकिरीनं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवसापासून गावाची झोप गेली. तात्यांची जीप दिसायच्या आधी ऐकू यायची. देवळातल्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली, तात्या म्हणाले, "बिबट्या." सरपंचांनी समजावलं, तात्या म्हणाले, "बिबट्या." शिवाय जीप पेटेल या भीतीनं ते रोज संध्याकाळी बॅटरीची वायर काढून ठेवायचे. त्यामुळं सकाळी टेप रुसायचा आणि गुप्त नंबर मागायचा. कंपनीच्या टेपांना चोरीची धास्ती असते. नंबर चुकला तर टेप कायमचा बंद पडेल, असं भाच्यानं बजावलं होतं. तात्या एकेक आकडा श्वास रोखून दाबायचे आणि गाणं सुरू झालं की कपाळ पुसायचे.

एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर शेतावर गेलो. त्यांच्या बायकोला, मालनकाकूंना, आणायचं होतं. काकू कमी बोलायच्या. हाक मारली तरी बऱ्याचदा वळायच्या नाहीत. गावातल्या बायका म्हणायच्या, तोऱ्यात असते. आम्ही जीप उसाच्या कडेला लावली. समोर कांद्याच्या वावरात काकू आमच्याकडं पाठ करून गवताचा भारा बांधत होत्या. उन्हं गेली होती, पण दिसत होतं. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि गाणं चालू ठेवलं.

अर्ध्या गाण्यात आवाज लांबला, घोगरा झाला आणि थांबला. तात्यांनी चावी फिरवली. नुसतं खट् झालं.

मग जी शांतता पडली, ती मला अजून आठवते. टिटवी ओरडत होती. उसात काहीतरी सरकलं. पाचट वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. आणि आमच्या पुढं, आम्ही आणि काकू यांच्या मधोमध, बिबट्या उसातून बाहेर येऊन बांधावर बसला. त्यानं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि मग काकूंकडं बघत राहिला.

जीपला दारं नव्हती. मी कसाबसा ओरडलो, "काकू, मागं बघा."

बिबट्याचा कान आमच्याकडं वळला. काकू वळल्या नाहीत. मी पुन्हा ओरडलो.

"नका ओरडू, गुरुजी," तात्या म्हणाले. "तिला ऐकू येत नाय."

एवढं बोलून ते खाली उतरले. सीटमागची, चाक खोलायची लोखंडी टामी घेतली आणि बोनेटवर हाणायला लागले. बिबट्या उठला आणि सावकाश उसात शिरला. किती आत गेला, कळलं नाही. तात्या जीपमधला पत्र्याचा डबा टामीनं बडवत उसाला लागूनच चालत गेले. मला वाटलं, सरळ तिच्याकडं पळतील. पण ते लांबून वळसा घालून तिच्या समोर गेले, म्हणजे तिनं आधी त्यांना बघावं, दचकू नये.

काकू त्यांना बघून हसल्या. "येवढा घाम कशानं आला?"

"गाडी बंद पडली. ढकलून दमलो," तात्या म्हणाले. त्यांनी भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला. आम्ही घरी चालत आलो. पुढं मी टामी घेऊन, मधे काकू, आणि शेवटी सारखे मागं बघणारे तात्या.

अंगणात भारा टाकल्यावर ते हळूच म्हणाले, "दोन वर्सं झाली. आता लईच कमी ऐकू येतं. डाक्टर म्हनतो, जानारच. लोकांना कळाया नको म्हनती, हसत्याल. आधीच्या टेपाचं कायच पोचत नव्हतं तिला. ह्याचा स्पीकरचा मोठा डबा तिच्या सीटखाली घातलाय. तिला धक्के लागत्यात, त्यावरनं गाणं वळखती." मग म्हणाले, "हे बी लागायचं बंद झालं, म्हंजी काय करायचं, ह्याचं लई भ्या वाटतं."

रफिकभाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन दुसरी वायर चावीवर घेतली, आता चावी काढली की टेप बंद. पुढच्या आठवडी बाजाराला मी जीपमध्ये मागं बसलो होतो. गाणं लागलं. काकूंनी तळवा पत्र्यावर टेकवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं मोठ्यानं गायला लागल्या. टेपावर एक गाणं चाललं होतं आणि त्या भलतंच गात होत्या.

तात्यांनी गाडी आणखी हळू केली आणि काकू गात होत्या ते गाणं त्यांच्याबरोबर गायला लागले.